महामंडळाचे कर्ज आणि शासनहमी

कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राला दिलेले 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे 2000 पूर्वी अडवण्याच्या निकडीतून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ अशा उपसा सिंचन (नदीचे पाणी पंपाने उचलून देण्याच्या) योजनांचा समावेश असलेल्या आपल्या कामांसाठी त्याने कर्जरोखे (ठरावीक व्याजावर व मुदतीवर पैसे उभारण्याचे दस्त) विकले. हे कर्ज महामंडळाचे, तेव्हा राज्याच्या तिजोरीवर त्याचा भार नाही, असा समज त्यातून रूढ झाला. अर्थसंकल्पीय तुटीत ही रक्कम थेट दिसत नसल्याने तो स्वाभाविक असला, तरी अपुरा आहे. कारण या रोख्यांना शासनहमी (कर्जदाराने न फेडल्यास शासन फेडील, असे वचन) होती. भावाच्या पीककर्जाला जामीन राहिलेल्या माणसाने एक रुपयाही उचललेला नसतो, पण हप्ते थकले की बँकेची नोटीस त्याच्याही दारी येते.

येथे तर कर्जदाराला स्वतःचे उत्पन्न फारच तोकडे होते, कारण शेतात पाणी पोचल्याशिवाय पाणीपट्टी मिळणे शक्य नव्हते आणि पाणी पोचण्यासाठी आणखी पैसा लागत होता. परिणामी परतफेडीचा बोजा राज्यावर आला, चालू कामांचा निधी आटला आणि कराड तालुक्यातील टेंभूहून उचलायच्या पाण्याची सांगली जिल्ह्यातील दुष्काळी आटपाडी तालुक्याच्या लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी व भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत 1993 पासून भरत आलेल्या पाणी परिषदांतील संताप म्हणूनच केवळ दुष्काळाविरुद्ध नव्हता. आधी कर्जाच्या बळावर दिलेले आश्वासन नंतर निधीअभावी लांबवणाऱ्या धोरणाला तो रास्त विरोध होता.