तळ्याची प्रतिकृती की प्रतिमान?

इंग्रजी ‘मॉडेल’साठी मराठीत ‘प्रतिकृती’ आणि ‘प्रतिमान’ असे दोन शब्द आहेत. विज्ञानाच्या अनुवादात ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्याने अर्थ किती बिघडतो, हे मोठ्या सरोवरांच्या अभ्यासात चांगले कळते.

पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे धरणे, नद्या, बंदरे लहान आकारात बांधून त्यांत खरे पाणी सोडतात. ही प्रतिकृती, दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याची थोरली, शहाणी बहीण म्हणा. पण शेकडो किलोमीटर पसरलेल्या सरोवराची लांबी-रुंदी लहान केली, तरी ऊन, वारा आणि पृथ्वीचे फिरणे त्याच प्रमाणात लहान करणे फार अवघड.

तेथे प्रतिमान लागते. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांसाठी अशी प्रतिमाने नित्य चालवली जातात. सरोवराचा पृष्ठभाग लहानमोठ्या त्रिकोणांत विभागतात, खोलीचे थर पाडतात आणि प्रत्येक खणात पाण्याचे तापमान व वेग आकड्यांनी मांडतात. वाऱ्याने पाणी किती ढकलले, उन्हाने किती तापले, शेजारच्या खणातून किती आले-गेले, याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाने पुढे नेतो. उथळ ईरी सरोवरावर नैऋत्येचा वादळी वारा सुटला की बफेलोच्या टोकाला पाणी चढते आणि टोलेडोकडे उतरते; ते आधी कळते ते या हिशेबातून.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. मुखाला चंद्राची उपमा देताना आपण साधारण धर्म तेवढा घेतो, डाग सोडून देतो. प्रतिमानही पाण्याचे हिशेबाला लागणारे गुणच उचलते. म्हणूनच त्याचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापांशी ताडावे लागते.

बेळगावला पाणी पुरवणारा राकसकोप जलाशय आमच्या बेळगुंदीच्या परिसरातला. महासरोवरांपुढे तो ओंजळभर. पण भौतिकीचे नियम तेच. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी ऊन व हलके, खालचे गार व जड राहते. दोन्ही मिसळत नाहीत, तळाशी प्राणवायू संपत जातो. थंडीत वरचे पाणी गारठले की थर मोडतात आणि तळाचा वास, लोह, मँगनीज वर येऊ शकतात. नळाचे पाणी कोणत्या महिन्यात किती खोलीवरून उचलावे, हे ठरवायला प्रतिमान उपयोगी पडते. त्या अहवालाच्या मराठी अनुवादात ‘प्रतिकृती’ आली, तर वाचणारा नगरसेवक ती कुठे बांधली आहे, असेच विचारील.