मेदवृद्धि : पथ्य कीं शस्त्रक्रिया ?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारचीं शरीरें निंद्य म्हणून सांगितलीं आहेत. अतिशय उंच, अतिशय ठेंगणें इत्यादि सहांचा नुसता नामनिर्देश करून ग्रंथकार अतिस्थूल व अतिकृश ह्या दोहोंपाशीं थांबतो, आणि ह्या दोहोंतही कृशपणा पत्करला असा निकाल देतो. त्याचें कारण मार्मिक आहे. स्थूल मनुष्याचा जठराग्नि प्रखर असतो. त्याला पोटभर खावयास द्यावें तर मेद वाढतो, आणि उपाशी ठेवावें तर तें त्याला सोसत नाहीं. म्हणून त्याची चिकित्सा अवघड. आळस, दिवसाची झोंप, गोड व स्निग्ध आहार हीं कारणें चरकानें दिलींच आहेत. परंतु शरीर एकदां स्थूल झालें म्हणजे भूक हीच रोग्याची मुख्य अडचण होऊन बसते, हेंही त्यानें ओळखलें होतें. आधुनिक शास्त्र निराळ्या वाटेनें ह्याच ठिकाणीं येऊन पोंचलें आहे, आणि पथ्यावर भिस्त ठेवावी कीं जठरावर शस्त्रक्रिया करून घ्यावी, ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें ह्या भुकेवरच अवलंबून आहे.

शहरांतील अनेक कुटुंबांपुढें हा प्रश्न आज उभा राहतो, पण तो बहुधा भलत्याच शब्दांत विचारला जातो. नातलग म्हणतात, “जरा तोंड आवरलें असतें तर पोटावर सुरी चालवून घेण्याची पाळी कां आली असती ?” उलट, रस्तोरस्तीं लागलेल्या फलकांवर महिन्याभरांत दहा किलो उतरवून देण्याचीं आश्वासनें झळकत असतात, ते दहा किलो पुढल्या वर्षीं परत चढले तर काय, ह्याचा खुलासा त्या फलकावर नसतो. एकीकडे लाज आणि दुसरीकडे लालूच, ह्यांच्या ओढाताणींत मोजमाप मात्र राहून जातें.

तें मोजमाप असें. वजनाच्या किलोग्रॅमांस मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे येणाऱ्या अंकाला देहभारांक, दवाखान्याच्या बोलींत बीएमआय, म्हणतात. युरोपांत हा अंक ३० झाला म्हणजे स्थूलपणा धरतात. भारतीयांच्या बाबतींत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमतानुसार २५ पासूनच. हा भेद कां करावा लागतो, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मोठ्या गमतीनें दाखवून दिलें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं स्वतःचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र छापलें. दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के ! अंगानें शेलाटा दिसणारा भारतीय मनुष्य आंतून मेदस्वी असूं शकतो, आणि मधुमेह त्याला कमी वजनांतच गांठतो.

शस्त्रक्रियेचा विचार भारतांत साधारणतः देहभारांक ३७.५ च्या वर असतां, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोंपेंत श्वास अडकणें असे विकार जडले असल्यास ३२.५ च्या वर असतां, करतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचें वजन त्या हिशेबानें अनुक्रमें ९६ व ८३ किलो होतें. २०२२ सालीं दोन मोठ्या संघटनांनीं ही मर्यादा आशियाई लोकांसाठीं आणखी खालीं आणली. त्या संघटना शल्यचिकित्सकांच्याच आहेत, हें ऐकतांना ध्यानांत ठेवावें. सत्तर किलो वजनाच्या आणि अन्यथा निरोगी असलेल्या गृहिणीला ह्या शस्त्रक्रियेशीं कर्तव्य नाहीं, एवढें तर ह्या आंकड्यांवरून निश्चित होतें.

आतां पथ्याकडे वळूं. पथ्यानें वजन उतरतें, ह्यांत शंका नाहीं. १८६३ सालीं लंडनमधील विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्थूलपणाची हकीकत एका छोट्या पुस्तिकेंत प्रसिद्ध केली. उत्तरक्रियेचें साहित्य पुरविणें हा त्याचा धंदा. पाव, साखर, लोणी, दूध, बिअर व बटाटे वर्ज्य करून त्यानें सुमारें ४६ पौंड वजन घालविलें. पुस्तिका इतकी गाजली कीं, स्वीडिश भाषेंत पथ्यानें वजन उतरविण्याला ‘बांता’ हें त्याच्या नांवावरून बनलेलें क्रियापद अद्यापि रूढ आहे. आपल्याकडील पथ्य मात्र पुष्कळदां नांवालाच असतें. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या एकादशीला उपास म्हणतां येईल. पथ्य म्हणतां येणार नाहीं.

खऱ्या पथ्याची ताकद २०१७ सालीं ब्रिटनमध्यें दिसून आली. न्यूकॅसलचे रॉय टेलर व ग्लासगोचे मायकेल लीन यांनीं २९८ मधुमेही निवडले. कोणाचाही मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता आणि कोणी इन्शुलिन घेत नव्हते. त्यांपैकीं अर्ध्यांना तीन ते पांच महिने रोज सुमारें ८५० उष्मांकांचा केवळ पातळ आहार दिला, आणि पुढें नेहमींचें अन्न हळूहळू सुरू केलें. वर्षाअखेर ह्या गटांतील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधावांचून आटोक्यांत होता. नेहमींच्या उपचारांवर असलेल्या दुसऱ्या गटांत हें प्रमाण अवघें ४ टक्के होतें. ज्यांनीं १५ किलो किंवा अधिक वजन उतरविलें, त्यांच्यांत तर ८६ टक्के. मधुमेह नवा आहे, तोंवर पथ्याला अशी संधि असते. परंतु दुसऱ्या वर्षीं ४६ चे ३६ झाले, आणि पांचव्या वर्षापर्यंत ज्यांचा मागोवा ठेवला त्यांच्यांत १३ टक्केच उरले. वजन जसजसें परत चढलें तसतसा मधुमेह परतला.

तें कां चढतें ? ‘निग्रह सुटला’ हें उत्तर सोपें आहे, पण अपुरें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीझ यांनीं ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. हे तरुण स्थूल नव्हते आणि अधाशी तर नव्हतेच. स्वखुशीनें प्रयोगांत आलेले होते. तरीही त्यांना अन्नावांचून दुसरें कांहीं सुचेना. कांहींनीं पाकशास्त्राचीं पुस्तकें जमविण्यास सुरुवात केली. अन्न मोकळें झाल्यावर ते प्रचंड जेवत, आणि जेवून उठल्यावरही त्यांची भूक शमत नसे. पुढें २०११ सालीं मेलबर्न येथें ५० स्थूल माणसांना दहा आठवडे कडक पथ्यावर ठेवून त्यांचे अंतःस्राव मोजले. वजन सरासरीनें साडेतेरा किलो उतरलें. भूक चेतविणारा ग्रेलिन हा स्राव वाढला, तृप्ति देणारे स्राव घटले. आणि वर्ष उलटल्यावरही हा पालट कायम होता. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याच्या स्पर्धेंत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनीं तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. विश्रांतींत असतां त्यांच्या देहांत अपेक्षेपेक्षां रोज सुमारें ५०० उष्मांक कमी जळत होते. सारांश, वजन घटलेलें शरीर दुष्काळ पडल्यासारखें वागूं लागतें : मागतें अधिक आणि खर्च करतें कमी. पांच-सात किलो उतरविणाऱ्याला हा विरोध झेपतो. चाळीस किलो उतरवून तें जन्मभर टिकविणारे विरळा असतात, आणि राहिलेल्यांना दुबळ्या मनाचे ठरविणें हा निव्वळ अन्याय आहे.

शस्त्रक्रियेचें महत्त्व येथें येतें. तिचा आरंभ कांहीं फारसा उजळ नव्हता. १९५४ पासून लहान आंतड्याचा बराच भाग वगळून अन्न पुढें नेण्याची एक रीत निघाली. तिनें वजन उतरे, पण यकृत निकामी होणें, मूतखडे होणें असे प्रकार होऊं लागल्यानें ती सोडून द्यावी लागली. अमेरिकेंतील आयोवा येथील एडवर्ड मेसन यांच्या पाहण्यांत असें आलें कीं, व्रणासाठीं जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचें वजन सहसा वाढत नाहीं. त्यावरून १९६६ मध्यें त्यांनीं गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया प्रथम केली. हींत जठराच्या वरच्या टोंकाशीं एक लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. दुसरा प्रकार स्लीव्हचा. हींत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. उरतो तो सदऱ्याच्या बाहीसारखा अरुंद नळा. दोन्ही शस्त्रक्रिया आतां बहुतेक ठिकाणीं दुर्बिणीच्या साहाय्यानें, लहान छिद्रांतून करतात.

पिशवी लहान म्हणून मनुष्य कमी खातो, अशी प्रथम सर्वांची समजूत होती. १९९९ सालीं जपानमधील कोजिमा व कांगावा यांनीं ग्रेलिनचा शोध लावला, आणि तो मुख्यतः जठराच्याच वरच्या भागांत तयार होतो असें दिसून आलें. स्लीव्हमध्यें नेमका तोच भाग निघून जातो. शिवाय अन्न आंतड्यांत लौकर उतरल्यामुळें तृप्ति देणारे स्राव वाढतात. म्हणजे शस्त्रक्रिया पोटाला कुलूप घालते असें नव्हे. पथ्य ज्या भुकेशीं झगडत असतें ती भूकच ती पालटते.

तिचें दूरचें फळ पाहावयाचें तर पुन्हां स्वीडनकडेच वळावें लागतें. १९८७ पासून तेथें शस्त्रक्रिया करून घेतलेले २०१० आणि न घेतलेले २०३७ स्थूल लोक निरीक्षणाखालीं ठेवण्यांत आले. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, ही ह्या पाहणीची उणीव. तिचा दीर्घ काळ हें तिचें बळ. दहा वर्षांनीं बायपास झालेल्यांचें वजन मूळच्यापेक्षां २५ टक्के कमी होतें; दुसऱ्या गटाचें जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. २००७ सालच्या अहवालांत पहिल्या गटांत १०१ व दुसऱ्यांत १२९ मृत्यु नोंदले आहेत. २०२० सालच्या हिशेबानें शस्त्रक्रियेनें आयुष्य सरासरी तीन वर्षांनीं वाढलें. तरीही तें सामान्य जनतेपेक्षां साडेपांच वर्षांनीं कमीच राहिलें. उपाय गुणकारी आहे, पण तो उशिरां केल्यास मागील सर्व नुकसान भरून काढीत नाहीं, असा ह्या दोन आंकड्यांचा अर्थ लावणें वाजवी होईल. शंभर किलोंच्या वर वजन, त्यांत मधुमेह, आणि ‘अजून एकदां पथ्य करून पाहूं’ म्हणत गेलेलीं दहा वर्षें, हा म्हणूनच निरुपद्रवी विलंब नव्हे.

धोक्याचाही हिशेब मांडला पाहिजे. अमेरिकेंतील ४७७६ रोग्यांच्या पाहणींत, २००९ सालच्या अहवालानुसार, पहिल्या तीस दिवसांत हजारीं तीन दगावले. टांक्यांतून गळती होणें, रक्ताची गुठळी फुप्फुसांत जाणें हे तात्कालिक धोके. पित्ताचे खडे हा वजन झपाट्यानें उतरल्याचा परिणाम. ह्यांहून अधिक विचार करावयास हवा तो पुढील आयुष्याचा. पहिले सुमारें दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग घोटलेलें, मग मऊ अन्न. पुढेंही घांस लहान, चावणें सावकाश, आणि जेवतांना पाणी नाहीं. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावींत असें सांगतात. ज्या घरांत पानावर भात-पोळीचा मान पहिला आणि वरण केवळ कालविण्यापुरतें, तेथें ही सर्व मांडणीच उलटी करावी लागते : आधीं डाळ, पनीर, दही, चालत असल्यास अंडें किंवा मासळी, आणि जागा उरलीच तर भात. बायपास झालेल्यानें सणाच्या दिवशीं वाटीभर श्रीखंड खाल्लें तर घाम, धडधड, घेरी आणि जुलाब ह्यांनीं तो हैराण होण्याचा संभव असतो. लोह, कॅल्शियम, ‘ड’ आणि ‘बी-१२’ हीं जीवनसत्त्वें जन्मभर घ्यावीं लागतात. शाकाहारी माणसांत ‘बी-१२’ मूळचेंच कमी असतें. मद्य लौकर चढतें व त्याची संवय जडण्याचा धोका वाढतो. मूल हवें असणाऱ्या स्त्रीनें वर्ष ते दीड वर्ष थांबावें लागतें. तेव्हां शस्त्रक्रिया केली म्हणजे पथ्यांतून सुटका झाली, ही कल्पना मुळांतच खोटी आहे. वर्षानुवर्षें तपासणीस जाण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें ह्या वाटेला न जावें हें उत्तम.

अलीकडे तिसरी वाटही निघाली आहे. सेमाग्लुटाइड ह्या आठवड्यांतून एकदां टोंचावयाच्या औषधानें ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. पण औषध थांबविल्यावर वर्षभरांत त्यांतलें दोन तृतीयांश वजन परत आलें. भुकेचा स्वभाव येथेंही तोच.

देहभारांक तिशीच्या आंत आणि मधुमेह कालपरवांचा असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, औषधांच्या मात्रा बदलून घेऊन, मनापासून केलेलें पथ्य हाच पहिला मार्ग होय. चाळिशीच्या आसपास अंक पोंचला आहे आणि गुडघे, श्वास, साखर तिन्ही तक्रार करूं लागलीं आहेत, अशा माणसाला केवळ निग्रहाचा उपदेश करणें हें वैद्यकाचें काम नव्हे; त्यानें शल्यचिकित्सकाची गांठ घ्यावी. मधल्या पट्ट्यांतील माणसानें मधुमेह किती वर्षांचा, इन्शुलिन लागतें कीं नाहीं, मागें प्रामाणिकपणें किती वेळां पथ्य केलें, आणि घरचें स्वयंपाकघर बदलण्यास घरचीं माणसें राजी आहेत कीं काय, हें पाहून ठरवावें. शल्यचिकित्सकाला त्यानें स्वतः वर्षाला किती शस्त्रक्रिया केल्या हें विचारण्यांत संकोच नसावा. पांच वर्षांनंतर तपासणी कोण करणार, हेंही विचारावें.

राहिली विम्याची गोष्ट, आणि तींत एक मेख आहे. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं ठरवून दिलेल्या नमुन्यांतील अपवर्जनाच्या कलमानुसार ही शस्त्रक्रिया विम्यांत बसण्यासाठीं देहभारांक ४०, किंवा गंभीर विकारासह ३५ असावा लागतो, आणि सौम्य उपाय आधीं निष्फळ ठरलेले असावे लागतात. म्हणजे ३३ किंवा ३४ अंकाच्या मधुमेह्याला वैद्यकीय निकषानें शस्त्रक्रिया उचित ठरली तरी विम्याच्या निकषानें तो बाहेर राहूं शकतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वीं कंपनीकडून लेखी उत्तर मागवावें, आणि आजवर केलेल्या पथ्याचे तक्ते, वजनाच्या नोंदी, आहारतज्ज्ञाचे कागद टाकून न देतां तारीखवार लावून ठेवावे. पथ्य करून पाहिल्याचा पुरावा म्हणून तेच दाखवावे लागतात.