विजेचा हिशेब, आपल्या वहीत

वीजबिलाचा आकडा वाढला, की घरात आधी बोट कुणाकडे वळतं? बहुतेक वेळा बाईकडेच. तिचा मिक्सर, तिचं वॉशिंग मशीन, तिच्या मालिका! मैत्रिणींनो, दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर टिपतो, मग विजेचा का नाही?

आमच्या बचत गटातली एक जण घरी ब्लाउज शिवते. बिल वाढलं तसं घरच्यांनी ठरवूनच टाकलं, 'हे तुझ्या मशीनमुळे, बंद कर शिवणकाम.' तिची हक्काची कमाई जायची वेळ आली. मी म्हटलं, "अगं, भांडू नकोस. १५ दिवस मीटर लिही."

रोज रात्री १० वाजता आणि सकाळी ६ वाजता ती मीटरवरचा आकडा लिहू लागली. डिजिटल मीटरवर आकडे आलटून पालटून दिसतात. केडब्ल्यूएच असं लिहिलेला आकडा म्हणजे आपले युनिट. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला, की दिवसाचा खर्च कळतो. मग मुलाच्या आलेखवहीत आडव्या तारखा, उभे युनिट मांडायचे आणि ठिपके जोडायचे. झाला आलेख!

शिवणकाम नव्हतं त्या रविवारी रेघ जेमतेम खाली आली. हिशेब सोपा आहे. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं, की १ युनिट. तिच्या मशीनची मोटर १०० वॅटची, म्हणजे सलग १० तास चालली तर १ युनिट.

खरी गोम रात्रीत होती. मशीन झाकलेलं, सगळे झोपलेले, तरी सकाळपर्यंत अडीच युनिट! ७५ वॅटचे दोन पंखे ८ तासांत १.२ युनिट घेतात. उरलेली वीज कोण खातं? रात्रभर चालू राहणारा फ्रिज! दारात कागद धरून दार लावलं, तर कागद अलगद निघून आला. दाराचं रबर सैल, म्हणून कॉम्प्रेसरला उसंतच नव्हती. रबर बदललं, रात्रीची रेघ खाली आली. शिवणकाम सुरूच राहिलं, आणि आलेख पाहून सासूबाईही गप्प झाल्या.

मग गटाने वर्गणी काढून प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक घेतला. तो आळीपाळीने घरोघरी फिरतो. फ्रिज सारखा चालू-बंद होतो, म्हणून त्याला २४ तास लावायचा. गिझरला लावताना मापक १६ अँपिअरचा आहे ना, हे बघायचं. वायरींना मात्र आपण हात लावायचा नाही, ते काम वायरमनचं.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. म्हणून महिन्याच्या मध्यावरच आलेख बघा. रेघ वर चालली असेल, तर सावरायला १५ दिवस हातात असतात. आणि कुणी बोट दाखवलंच, तर वही पुढे करा. आकड्यांशी कोण वाद घालणार?