काच फुटण्याचा आवाज

सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा संगीताच्या सीडीवर छापलेला असेल, असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. पण जॉन झॉर्न या अमेरिकी संगीतकाराच्या 'क्रिस्टालनाख्ट' या १९९३ सालच्या अल्बमवर तो आहे. दुसऱ्या रचनेतले अतितीव्र आवाज ऐकून मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, कान वाजू शकतात. ती वारंवार ऐकू नये, असा.

क्रिस्टालनाख्ट म्हणजे स्फटिकांची रात्र. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री नाझींनी ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, सुमारे ७,५०० दुकानं फोडली, सुमारे ३०,००० पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडलं. रस्त्यावर पसरलेल्या काचांवरून त्या रात्रीला हे देखणं नाव पडलं. भाषा कधी कधी अशी निर्लज्ज होते. गोबेल्सचं चिथावणीचं भाषण झालं ते म्यूनिक शहरात. झॉर्नची ही रचना १९९२ साली पहिल्यांदा वाजली, तीही म्यूनिकमध्येच.

अल्बमची सुरुवात होते ती क्लेझ्मरनं. क्लेझ्मर हे पूर्व युरोपातल्या यिडिश बोलणाऱ्या ज्यूंचं लग्नघरचं संगीत. आपल्याकडे सनई-चौघडा, तसं तिकडे व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. ही वाद्यं माणसासारखा हुंदका देतात आणि त्याच दमात नाचायलाही लावतात. त्यातला एक लाडका स्वरसमूह आपल्या कानाला परका नाही : रिषभ, धैवत, निषाद कोमल, गांधार शुद्ध. आपण बसंत मुखारी म्हणू. अरबांकडे जवळपास हेच सूर 'हिजाज' म्हणून ओळखले जातात आणि कितीतरी ठिकाणची अजान याच सुरांत ऐकू येते. ज्यूंनी त्याला आपल्या एका प्रार्थनेचं नाव दिलं, 'अहावा रब्बा', म्हणजे अपार प्रेम. वैर धरलेल्या भावंडांचे चेहरे मिळतेजुळते निघावेत, तसं हे.

डेव्हिड क्राकावरचं क्लॅरिनेट, फ्रँक लंडनचा ट्रंपेट, मार्क फेल्डमनचं व्हायोलिन असं सगळं रंगात येत असताना मधूनच नाझी भाषणांचे ध्वनिमुद्रित तुकडे घुसतात. आणि मग दुसरी रचना. साडेअकरा मिनिटांहून जास्त वेळ काच फुटत राहते. थरावर थर. तिच्यानंतर येणाऱ्या रचनेचं नाव 'निखारे'. ती इतकी हळू वाजते की आधी वाटतं, आपलेच कान गेले.

दंगलीवरच्या कविता मीही लिहिल्या, व्यासपीठावरून वाचल्या. जळालेल्या घरावरची ओळ जमली की समोरून 'वा!' येते. घर कुणाचं, ते कुणी विचारत नाही. झॉर्ननं श्रोत्याला ती सोय ठेवलेली नाही, आणि म्हणून मी त्याला मानतो. ही कला नव्हे, छळ आहे, असं म्हणणारे आहेत. त्यांनी आवाज कमी ठेवून एकदा तरी ऐकावं.

शेवटाशी मात्र माझं पटत नाही. त्या रचनेच्या नावात 'नवी वसाहत' आहे, गिटार आणि तालवाद्यं जोशात आहेत. पण वसाहत म्हटलं की त्या जमिनीवरून उठवले गेलेले लोक मला आठवतात, आणि त्यांचा सूर इथं कुठंच लागत नाही.

काच नकोच असेल, तर झॉर्नच्या 'मसादा' या चौकडीचा १९९४ साली ध्वनिमुद्रित झालेला 'आलेफ' ऐकावा. सूर तेच ज्यू वळणाचे; त्यात सॅक्सोफोन आणि ट्रंपेट नुसते गप्पा मारतात.