बोर्ड बनवण्याचा धंदा : आधी उस्ताद, मग मशीन

दुकानाची पाटी, शाळेचा फलक, विहाराची कमान, कंपनीच्या गेटवरचा सूचनाफलक, जयंतीचा फ्लेक्स, उसाच्या ट्रॉलीचे रेडियम. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत या कामाला बारा महिने गिऱ्हाईक आहे. शिरूरकडे रांजणगाव एमआयडीसी आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची बाजारपेठ आहे. दौंडकडे कुरकुंभ एमआयडीसी, रेल्वे जंक्शन आणि साखर कारखान्यांचा पट्टा आहे. १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, गणेशोत्सव, दिवाळी आणि निवडणुका हे सीझन वेगळेच.

त्यामुळे दहावी-बारावी झालेले आपले अनेक तरुण या धंद्याकडे वळू पाहतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : मशीन कितीला मिळते? पण पहिला प्रश्न हा असायला हवा : कुणाच्या हाताखाली शिकू? मशीन हप्त्यावर मिळते. हात आणि नजर हप्त्यावर मिळत नाहीत, आणि ती नसताना घेतलेल्या मशीनचा हप्ता मात्र चुकत नाही.

हा धंदा कुणाच्या जातीचा नाही

गावगाड्यात सुताराचा मुलगा सुतारकाम आणि लोहाराचा मुलगा लोहारकाम घरातच शिकत असे. ज्याच्या घरात ते काम नव्हते, त्याला शिकायला दारच नव्हते. पाटी रंगवणारा मात्र बारा बलुतेदारांत नव्हता. हा धंदा शहर, दुकान, नाटक आणि सिनेमा यांच्याबरोबर वाढला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत पुढे आले. जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’चे भव्य बॅनर रंगवले. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली.

म्हणून हा धंदा कोणालाही शिकता येतो. अडचण इतकीच, की ज्याच्या घरात तो नाही त्याला सहज शिकवणाराही घरात नसतो. बाप किंवा काका जे न सांगता दाखवतो, ते आपल्याला बाहेरून मिळवावे लागते. उस्ताद शोधणे म्हणजे ही उणीव भरून काढणे.

उस्तादाकडून नेमके काय शिकायचे?

कोरल ड्रॉ व्हिडिओ पाहून शिकता येते. पण पुढच्या गोष्टी कामावरच कळतात.

पहिली, मापे आणि नासाडी. समजा १२ फूट बाय ३ फुटांचा एसीपी बोर्ड करायचा आहे. नवशिका ३६ चौरस फुटांचा हिशोब धरतो. पण बाजारात नेहमी मिळणारी शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फुटांची. एका शीटमध्ये हा बोर्ड बसत नाही. दोन घ्याव्या लागतात, जोड कुठे येईल ते ठरवावे लागते, कडा मागे दुमडायला जास्तीची पट्टी सोडावी लागते. उरलेला तुकडा पुढच्या कुठल्या कामात जाईल हे उस्तादाच्या डोक्यात असते. बराचसा नफा त्या तुकड्यात असतो.

दुसरी, देवनागरी अक्षर. ‘दौंड’ किंवा ‘कुरकुंभ’ मधला अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नसतो. अ‍ॅक्रिलिकची अक्षरे कापली की तो ठिपका सुटा पडतो आणि वेगळा बसवावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा गोंधळ होतो, म्हणून छपाईला देण्याआधी अक्षरे कर्व्ह करतात. आणि आपल्याच कार्यक्रमांच्या फ्लेक्सवर वर्षानुवर्षे दिसणारी चूक : ‘बुद्ध’च्या जागी ‘बुध्द’. आधी अर्धा द, मग ध, हे सांगणारा माणूस कामावर असेल तर ती चूक दहा फूट मोठी होऊन चौकात लागत नाही.

तिसरी, वीज आणि उंची. एलईडी मॉड्यूल बहुधा १२ व्होल्टवर चालतात, पण त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस थेट घरगुती विजेला जोडलेला असतो. पावसाचे पाणी आत गेले तर लोखंडी फ्रेममध्ये करंट उतरू शकतो. वरून वीजवाहिनी जात असेल तर शिडी लावण्याआधी विचार करावा लागतो. फ्रेमचे वजन आणि वारा यांचा अंदाज चुकला तर काय होते, हे १७ एप्रिल २०२३ ला किवळे येथे (५ मृत्यू) आणि १३ मे २०२४ ला घाटकोपर येथे (१७ मृत्यू) सर्वांनी पाहिले. आपण होर्डिंग उभारणार नसू, तरी दुकानावरची १२ फुटी पाटीसुद्धा माणसाच्या डोक्यावरच टांगलेली असते.

चौथी, गिऱ्हाईक. अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा, प्रूफवर सही का घ्यायची, उधारी कुठे थांबवायची, बेकायदा जागी बोर्ड लावायला नाही कसे म्हणायचे. हे ऐकून आणि पाहूनच कळते.

उस्ताद हातचे का राखतो?

पेंटर, रेडियमवाले, फ्लेक्सवाले नव्या मुलाला वर्षभर फक्त आयलेट ठोकायला आणि शिडी धरायला लावतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्यामागे भीती आहे. आज शिकवलेला पोरगा उद्या समोरच दुकान टाकेल, आपलेच गिऱ्हाईक नेईल. छोट्या बाजारपेठेत ही भीती खोटी नाही.

बुद्धांनी अखेरच्या काळात आनंदाला सांगितले, की आपण धम्म शिकवताना काही मुठीत झाकून ठेवलेले नाही. सिगालोवाद सुत्तातही शिष्याला सगळी विद्या शिकवणे हे आचार्याचे कर्तव्य म्हणून येते. पण त्याच सुत्तात शिष्याची कर्तव्येही आहेत, आणि ती आधी येतात. उस्तादाची मूठ उघडायची असेल तर आधी त्याची भीती कमी करावी लागते.

त्यासाठी या दोन तालुक्यांतल्या मुलांना सोपा मार्ग आहे. शिरूरच्या मुलाने दौंडला शिकावे, दौंडच्या मुलाने शिरूरला. न्हावरे-चौफुला मार्गाने दोन्ही गावे जोडलेली आहेत, पण बाजारपेठा वेगळ्या आहेत. “मी शिकून माझ्या गावात धंदा करणार, तुमच्या गावात नाही,” हे पहिल्या दिवशीच सांगता येते आणि ते पटतेही. उलट पुढे मोठी छपाई त्याच उस्तादाकडे पाठवली तर त्याचा फायदाच होतो. जाण्यायेण्याचा किंवा राहण्याचा खर्च येईल. तो शिक्षणाचा खर्च समजावा.

उस्ताद कसा पारखावा?

दुकानाची चकाकी पाहू नये, जुने काम पाहावे. तीन-चार पावसाळे झेललेल्या पाट्या शोधाव्यात. अक्षरे उखडली आहेत का, फ्रेम गंजली आहे का, निम्मे दिवे बंद आहेत का, जोड फुगला आहे का? ज्याच्या जुन्या पाट्या शाबूत आहेत त्याचे नाव दुकानदाराला विचारावे. फ्रेम बनवणारा वेल्डर आणि माल पुरवणारा व्यापारी यांनाही विचारावे. कोण पैसे वेळेवर देतो आणि कोणाचे काम परत येते, हे त्यांना ठाऊक असते.

जुन्या हाताच्या पेंटरला विसरू नये. फ्लेक्सने त्यांचे काम कमी केले, पण शाळेच्या बोलक्या भिंती, ग्रामपंचायतीच्या घोषणा, टाक्या आणि गाड्या अजून ब्रशनेच रंगतात. दोन अक्षरांमधली मोकळी जागा किती असावी हे त्यांच्याकडून महिनाभर शिकले तर कॉम्प्युटरवरची डिझाइनही सुधारते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिल्या असतील तर त्याचा इथे उपयोग होतो. मुलींनीही मागे राहू नये. डिझाइन, प्लॉटर आणि विनाईलचे काम दुकानात बसून होते, आणि मापे घेण्यापासून फिटिंगपर्यंत बाकीचेही शिकता येते.

बोलणी स्पष्ट असावीत

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. पण ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक आहे. एक मालक आणि एक मदतनीस असे दुकान त्यात येत नाही. म्हणून साध्या कागदावर तरी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : मुदत किती, महिन्याला किती पैसे, कोणत्या टप्प्याला कोणते काम हातात मिळेल, उंचावर काम करताना बेल्ट आणि हेल्मेट कोण देणार. अठरा वर्षांखालच्या मुलाने उंचावर किंवा विजेच्या कामाला जाऊ नये.

साधारण टप्पे असे मागता येतील. पहिले तीन महिने कटिंग, विनाईल, आयलेट, फिटिंग. पुढचे तीन महिने मापे, डिझाइन, मालाची खरेदी. शेवटचे सहा महिने एखादे काम सुरुवातीपासून बिलापर्यंत स्वतः करणे. सहा महिने उलटूनही फक्त शिडीच धरावी लागत असेल तर नम्रपणे विचारावे. उत्तर टाळले जात असेल तर भांडण न करता दुसरा उस्ताद बघावा.

शिकल्यावर

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत बोर्ड पेंटर नाही, त्यामुळे तिच्या नावाने कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर सावध व्हावे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा हिस्सा अशी रचना आहे. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात तपासाव्यात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि बार्टी यांच्याकडेही चौकशी करावी. जातीचा दाखला आधीच तयार ठेवावा.

कोणते काम वाढेल आणि कोणते घटेल, हेही पाहावे. वाहनांना एचएसआरपी सक्तीची झाल्याने रेडियमवाल्यांचे नंबरप्लेटचे काम आटले. उलट २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या सर्व दुकानांना, दहापेक्षा कमी कामगार असले तरी, मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान चालत नाही. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे शुद्ध आणि देखणी देवनागरी येणाऱ्या माणसाला काम आहे.

ते अक्षर शिकवणारे हात आज शिरूरमध्ये आहेत, दौंडमध्येही आहेत. त्यातले अनेक म्हाताऱ्या पेंटरांचे आहेत आणि त्यांच्या मुलांनी दुसरी वाट धरली आहे. मशीन पुढच्या वर्षीही मिळेल. या माणसांकडे मात्र याच वर्षी जायला हवे.