घोट्यावरचा अर्धा किलो

धावताना पायाला बांधलेले वजन किती आहे, यापेक्षा ते कुठे बांधले आहे याला जास्त महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीच्या ‘ग्राउंड’ची, म्हणजे मैदानी चाचणीची, तयारी चालते. घोट्याला वाळूचे पट्टे बांधून पळण्याची पद्धत अशा सरावात जुनी आहे. पट्टे सोडले की पाय हलके पडतील आणि वेळ सुधारेल, ही त्यामागची आशा.

पाय खुब्याभोवती पुढे-मागे झुलतो. त्याला वेग द्यायला आणि पुन्हा थांबवायला किती जोर लागेल, हे जडत्व आघूर्णावर ठरते आणि ते खुब्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. खुब्यापासून मांडीचा मध्य २० सेंटिमीटर आणि घोटा ८० सेंटिमीटर धरला, तर सरळ पायावर तेच वजन घोट्याशी १६ पट जड जाते. प्रत्यक्षात धावणारा गुडघा दुमडून टाच वर ओढतो, पाय आखूड करतो आणि हा भार बराच हलका करतो. काळविटाच्या शरीरात हा भार हलका ठेवण्याची सोय जन्मजात आहे: मांसल भाग खुब्याजवळ, खाली नुसती हाडे आणि कंडरा.

संशोधक फिलिप मार्टिन यांनी १९८५ मध्ये केलेल्या मोजणीत एक किलो वजन दोन्ही मांड्यांवर वाटून बांधल्यावर ऑक्सिजनचा खर्च सुमारे ३.५ टक्के वाढला. तेच वजन पावलांवर आल्यावर वाढ ७ टक्क्यांवर गेली. धावण्याची ढब फारशी बदलली नाही. पाय झुलण्याचा वेळ थोडा वाढला, घोट्याचा कमाल वेग घटला. म्हणजे बाहेरून पळणे तसेच दिसते, पण आतल्या स्नायूंचे काम वाढते. त्यातही पाय पुढे फेकला गेल्यावर त्याला आवरणारे मांडीमागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणलेल्या अवस्थेतच जोर लावत असतात. वेगात पळताना हे स्नायू दुखावतात ते बहुधा याच क्षणी.

कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढवले की ३००० मीटरची वेळ सुमारे ०.७८ टक्क्याने लांबते. बीडच्या अविनाश साबळेची ३००० मीटर स्टीपलचेस आठवावी: सात वेळा पाण्यात उडी. तिथल्या स्पाइक्समधून पाणी झटपट निथळावे लागते ते याचसाठी. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत काढले तर पूर्ण २० गुण मिळतात. तेच प्रमाण इथे लावले, तर जड बुटाचे जादा १०० ग्रॅम जवळपास अडीच सेकंद खातात. तेव्हा पट्ट्यांवर खर्च करण्याआधी हलके बूट घेणे शहाणपणाचे.

पट्टे सोडल्यावर पाय हलके वाटतात, हे खरे. पण तो आधीच्या भाराशी तुलनेतून आलेला भास असतो. स्नायूंची ताकद तेवढ्यात वाढलेली नसते. शिवाय जड पायाने होणारा सराव मंद झोक्याचा असतो. ताकदीसाठी चढावरच्या धावा आणि स्क्वॉट्स अधिक कामाचे. घोट्याच्या पट्ट्यांची खरी जागा फिजिओथेरपीत आहे: उताणे झोपून पाय सरळ उचलणे, खुर्चीवर बसून गुडघा सावकाश ताठ करणे. तिथे वेग नसल्याने झोका आवरण्याचा ताण जवळपास नसतो आणि वजन हवे त्याच स्नायूवर येते.