ई-रीडरमधलं ग्रंथालय लावताना

आसनगाव किंवा कसाऱ्याहून मुंबईला लोकलने जायला दोन-अडीच तास लागतात. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिथले लोक आधी एसटीने कल्याण गाठतात. एवढ्या वेळात भरपूर वाचून होतं, म्हणून आपण ई-रीडर घेतो. ई-रीडर म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचं, फक्त वाचनासाठीचं यंत्र. मग ई-साहित्य प्रतिष्ठान, साहित्य आणि संस्कृती मंडळ, विकिस्रोत अशा ठिकाणांहून मोफत पुस्तकं उतरवतो. बघता बघता पाचशे होतात आणि हवं ते सापडेनासं होतं.

ही लावालाव ई-रीडरवर करू नका, संगणकावर करा. त्यासाठी ‘कॅलिबर’ हा मोफत प्रोग्राम आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली तो लिहायला घेतला. एकदा बसवला की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या गावातही काम अडत नाही.

सगळ्या फाइली कॅलिबरमध्ये ओढून टाका. तो प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या फोल्डरमध्ये हाताने काही हलवू नका, नावं बदलू नका. कॅलिबरची नोंदवही आणि फाइली यांची फारकत झाली, की पुस्तक यादीत दिसतं पण उघडत नाही.

आता सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम: मेटाडेटा, म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, विषय ही माहिती. मराठीत घोळ होतो तो लेखकाच्या नावात. ‘वि. स. खांडेकर’, ‘वि.स.खांडेकर’ आणि रोमन लिपीतले खांडेकर, असे कॅलिबरला तीन लेखक दिसतात. डावीकडच्या लेखकांच्या यादीत तिन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी करा, की पुस्तकं एकाच नावाखाली येतात. आद्याक्षरांनंतर जागा सोडायची की नाही, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

अनेक खंडांच्या पुस्तकांसाठी ‘सिरीज’ हा रकाना आहे. उदाहरणार्थ, १८८२चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर. खंड १३चे दोन भाग आणि माहुली किल्ल्यासारख्या स्थळांची माहिती देणारा खंड १४, अशी तीन पुस्तकं. त्यांना १, २, ३ क्रमांक द्या. खंडाचा आकडा नुसता शीर्षकात लिहिला, तर क्रमाची खात्री नसते.

विषयांसाठी टॅग, म्हणजे चिठ्ठ्या, मोजक्याच ठेवा. कादंबरी, कविता, इतिहास, शेती, बालसाहित्य एवढ्या बहुतेक घरांना पुरतात. पन्नास टॅग केले की कुठलं पुस्तक कुठे टाकलं, तेच आठवत नाही.

पीडीएफपाशी मात्र थांबा. अनेक जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर त्या फाइलचं रूपांतर करण्यात वेळ घालवू नका. रूपांतरानंतर ई-रीडरवरही तोच गोंधळ येईल. ओळ निवडताच येत नसेल, तर ती पानांची छायाचित्रं आहेत. अशी पुस्तकं सहा इंची पडद्यावर बारीक दिसतात. ई-रीडर आडवा धरून थोडं निभतं, पण मोठा पडदा बरा.

उरलेल्या पुस्तकांसाठी ईपब हा फाइलप्रकार निवडा, त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. तुमचा ई-रीडर किंडल असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा: ईपब वायरने नुसतं कॉपी केलं, तर ते किंडलवर दिसत नाही. कॅलिबरमधून पाठवा, तो रूपांतर करून देतो. नंतर लेखकाचं नाव सुधारलंत, तर पुस्तक पुन्हा पाठवावं लागतं. कॅलिबरचे टॅग किंडलवर आपोआप गट बनत नाहीत; ‘कलेक्शन’ तिथेच हाताने करावी लागतात. म्हणून पाचशेच्या पाचशे चढवू नका. येत्या दोन-तीन महिन्यांत वाचायची तेवढी चढवा, वाचून झालेली काढा. मूळ प्रत संगणकावर असतेच.

ती प्रत मात्र एकाच ठिकाणी नको. महिन्यातून एकदा कॅलिबर बंद करून त्याचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. नुसती पुस्तकं घेतलीत, तर टॅग आणि सिरीजची मेहनत मागे राहते.